विश्लेषण : फोटो खरा, आकडा खरा, तरी निष्कर्ष चुकीचा! ‘हेत्वाभास’ म्हणजे नेमके काय?

‘आमच्या क्लासचे इतके विद्यार्थी आयएएस झाले.’ ‘एका दिवसात पगाराएवढा नफा, हा पाहा स्क्रीनशॉट.’ ‘लस घेतलेल्यांनाच जास्त करोना झाला.’ असे मेसेज आपल्या मोबाइलवर रोज येऊन आदळतात. त्यातला फोटो, स्क्रीनशॉट, आकडा तपासला तर तो अनेकदा खरा निघतो आणि वाचणारा निर्धास्त होतो. मात्र दिलेली माहिती खरी असली, तरी तिच्यावरून काढलेला निष्कर्ष खरा असेलच असे नाही. कारणासारखे दिसणारे, पण कारणाचे काम न करणारे हे जे काही असते, त्यासाठी आपल्याकडे जुना आणि नेमका शब्द आहे : हेत्वाभास. अग्रलेखांत, न्यायालयीन युक्तिवादांत, वक्तृत्व स्पर्धांत तो अधूनमधून कानावर पडतो. त्याचा अर्थ काय, तो कुठे वापरावा, कुठे वापरू नये आणि आपल्या खिशाशी, आरोग्याशी, प्रसंगी न्यायाशी त्याचा काय संबंध, याचे हे विश्लेषण.

हेत्वाभास या शब्दाचा अर्थ काय?

हेतु अधिक आभास म्हणजे हेत्वाभास. ‘सु अधिक आगत म्हणजे स्वागत’ हा शाळेत शिकलेला यण संधीचा नियमच येथे लागू होतो. गोंधळ होतो तो पहिल्या शब्दाने. रोजच्या मराठीत ‘हेतू’ म्हणजे उद्देश. ‘त्याचा हेतू चांगला नव्हता’ असे आपण म्हणतो. त्यामुळे हेत्वाभास म्हणजे ‘वाईट हेतू लपवणे’ असा समज सहज होऊ शकतो. तर्कशास्त्रात मात्र हेतू म्हणजे एखादी गोष्ट सिद्ध करण्यासाठी दिलेले कारण. आभास म्हणजे नुसते तसे दिसणे. थोडक्यात, हेत्वाभास म्हणजे दिसायला कारण, पण प्रत्यक्षात कारण नव्हे. इंग्रजीतील ‘फॅलसी’साठी मराठीत हेत्वाभास आणि तर्कदोष हे दोन्ही शब्द वापरले जातात.

एक साधे उदाहरण घेऊ. ‘रस्ता ओला आहे, म्हणजे रात्री पाऊस पडला.’ रस्ता ओला आहे हे खरे. पण टँकर सांडला असेल, पाइपलाइन फुटली असेल किंवा समोरच्या दुकानदाराने सडा घातला असेल. ‘जिथे जिथे रस्ता ओला, तिथे तिथे पाऊस’ असा नियम नाही. न्यायशास्त्रात या नियमाला व्याप्ती म्हणतात. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. व्याप्ती तुटली की कारण हे कारण राहत नाही.

खोटे बोलणे, दिशाभूल आणि हेत्वाभास यांत फरक काय?

हे तीन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. पण त्यांच्यात फरक आहे. खोटे बोलण्यात विधानच चुकीचे असते आणि बोलणाऱ्याला ते ठाऊक असते. दिशाभूल हा परिणाम आहे. ती खोट्याने होते, अर्धसत्याने होते, कधी केवळ मौनानेही होते. हेत्वाभास हा कारण आणि निष्कर्ष यांच्या जोडणीतील दोष आहे. विधाने खरी असून जोडणी कच्ची असू शकते. शिवाय हेत्वाभास करणाऱ्याचा उद्देश वाईटच असला पाहिजे असे नाही. घरातल्या ग्रुपवर फॉरवर्ड पाठवणारे काका मनापासून काळजीनेच पाठवत असतात.

मराठीत याच कुटुंबातील आणखी काही शब्द आहेत. ‘तर्कट’ म्हणजे वाकडा, हटवादी तर्क. ‘कुतर्क’ म्हणजे मुद्दाम केलेला वाईट तर्क. ‘शब्दच्छल’ म्हणजे समोरच्याच्या शब्दाचा त्याला अभिप्रेत नसलेला अर्थ काढून त्याला कोंडीत पकडणे. ‘तर्कदुष्ट’ हे विशेषण वृत्तपत्रांच्या लिखाणात नेहमी दिसते. या साऱ्यांत हेत्वाभास हा सर्वात कमी आरोप करणारा आणि सर्वात नेमका शब्द आहे. तो माणसाकडे नव्हे, त्याने दिलेल्या कारणाकडे बोट दाखवतो.

हा शब्द आला कुठून?

गौतम ऋषींच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या न्यायसूत्रांत वादविवादाचे शास्त्र मांडले आहे. त्यातील १६ पदार्थांमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या विषयांमध्ये, हेत्वाभासाला स्वतंत्र स्थान आहे. पुढे १७व्या शतकातील अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रह’ या छोटेखानी ग्रंथामुळे हेत्वाभासांची यादी विद्यार्थ्यांच्या पाठांतराचा भाग झाली. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलनेही फसव्या युक्तिवादांवर वेगळा ग्रंथ लिहून १३ प्रकार नोंदवले होते.

महाराष्ट्राचाही या परंपरेशी जवळचा संबंध आहे. भीमाचार्य झळकीकर यांचा ‘न्यायकोश’ हा पारिभाषिक शब्दांचा कोश आजही अभ्यासक वापरतात. त्याची वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांनी सुधारलेली आवृत्ती पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९२८ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच्याही कितीतरी आधी ज्ञानेश्वरीच्या आरंभी गणेशाचे रूपक मांडताना ज्ञानेश्वरांनी त्याच्या हातातील परशूला तर्काची उपमा दिली आहे. तर्क हे कापण्याचे, निवडण्याचे हत्यार आहे, ही कल्पना मराठीला नवी नाही.

हेत्वाभासाचे पाच प्रकार कोणते?

नावे जड आहेत, पण उदाहरणे आपल्या गल्लीतलीच आहेत.

१. सव्यभिचार : कारण निष्कर्षाशी एकनिष्ठ नसते. ते निष्कर्ष खरा असतानाही आढळते आणि खोटा असतानाही. ओल्या रस्त्याचे उदाहरण याच प्रकारातले.

२. विरुद्ध : दिलेले कारण उलटीच गोष्ट सिद्ध करते. ‘आमच्या वॉर्डातला रस्ता दर्जेदार आहे, कारण तो दर पावसाळ्यानंतर नव्याने केला जातो.’

३. सत्प्रतिपक्ष : तितक्याच ताकदीचे उलट कारण समोर उभे असते. ‘गुन्ह्यांची नोंद वाढली, म्हणजे कायदा-सुव्यवस्था बिघडली.’ याला तोडीस तोड उत्तर : ‘नोंद वाढली, म्हणजे पोलीस तक्रार घेऊ लागले, सुव्यवस्था सुधारली.’ अधिक माहिती मिळेपर्यंत दोन्ही निष्कर्ष अधांतरीच राहतात.

४. असिद्ध : कारणच मुळात सिद्ध झालेले नसते. ‘युनेस्कोने आपले राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवले, म्हणून...’ असा मेसेज वर्षानुवर्षे फिरतो आहे. युनेस्कोने असे काही ठरवलेलेच नाही.

५. बाधित : निष्कर्ष प्रत्यक्ष पुराव्यानेच खोटा ठरतो. ‘कागदोपत्री गाव टँकरमुक्त आहे, म्हणून गावात टंचाई नाही.’ आणि बाहेर हंड्यांची रांग लागलेली असते.

या यादीत आजच्या वाचकासाठी एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. फॅक्ट-चेक करून पकडता येतात ते मुख्यतः शेवटचे दोन प्रकार. पहिल्या तीन प्रकारांत दिलेली माहिती शंभर टक्के खरी असू शकते. त्यामुळे ‘मेसेज खरा आहे का?’ एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. ‘यावरून हा निष्कर्ष निघतो का?’ हा दुसरा प्रश्न विचारावाच लागतो.

कोचिंग क्लासच्या जाहिरातींत हेत्वाभास कसा असतो?

पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी राज्यभरातून मुले येतात. खोलीभाडे, मेस, अभ्यासिका आणि क्लासची फी या खर्चासाठी अनेक घरांत शेतीच्या उत्पन्नातून किंवा कर्जातून पैसे उभे केले जातात. हा निर्णय घेताना समोर असते ती यशस्वी उमेदवारांच्या फोटोंनी भरलेली जाहिरात.

आता यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेचे २०२२ चे आकडे पाहू. पूर्वपरीक्षेसाठी अर्ज आले ११ लाख ३५ हजार ६९७. प्रत्यक्ष परीक्षेला बसले ५ लाख ७३ हजार ७३५. मुख्य परीक्षेसाठी पात्र ठरले १३ हजार ९०. मुलाखतीपर्यंत पोहोचले २ हजार ५२९. आणि अंतिम शिफारस झाली ९३३ जणांची.

याचे गणित सोपे आहे. पूर्वपरीक्षेला बसलेल्यांपैकी साधारण ६१५ मागे एकाची निवड झाली. पण मुलाखतीला पोहोचलेल्यांपैकी सुमारे ३७ टक्के, म्हणजे तिघांमागे एकाहून अधिक जण निवडले गेले. समजा एखाद्या संस्थेने मुलाखतीला पात्र ठरलेल्या ३०० उमेदवारांना मोफत सराव मुलाखतीसाठी बोलावले आणि तिथे त्यांना फक्त चहा पाजून परत पाठवले. तरीही सरासरीच्या हिशेबाने त्यातले सुमारे ११० जण यादीत येणारच. दुसऱ्या दिवशी ‘आमचे ११० यशस्वी विद्यार्थी’ अशी जाहिरात करता येईल. फोटो खरे, नावे खरी, रँक खरी. शिवाय एकच उमेदवार चार-पाच संस्थांच्या सराव मुलाखती देतो, त्यामुळे त्याचा फोटो चार-पाच जाहिरातींत झळकतो.

हे निव्वळ कल्पनेतले चित्र नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने, म्हणजे सीसीपीएने, अशा जाहिरातींची चौकशी केली. अनेक प्रकरणांत यशस्वी उमेदवारांपैकी बहुतेकांनी संबंधित संस्थेचा केवळ मुलाखत मार्गदर्शनाचा, तोही मोफत, कार्यक्रम केलेला होता. जाहिरातीत मात्र त्याचा उल्लेख नव्हता आणि शेजारीच लाखभर रुपयांच्या पूर्ण अभ्यासक्रमाची माहिती असे. पूर्व आणि मुख्य परीक्षा या उमेदवारांनी आधीच पार केलेली होती. नोव्हेंबर २०२४ पर्यंत प्राधिकरणाने ४५ नोटिसा बजावल्या आणि १८ संस्थांना मिळून ५४ लाख ६० हजार रुपयांचा दंड ठोठावला. त्याच महिन्यात कोचिंग क्षेत्रासाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचनाही जाहीर झाल्या. त्यानुसार यशस्वी उमेदवाराचा फोटो वापरायचा असेल तर त्याची लेखी संमती हवी, तीही निवड झाल्यानंतर घेतलेली. शिवाय त्याची रँक, त्याने कोणता अभ्यासक्रम केला, किती कालावधीचा आणि पैसे भरून केला की मोफत, हे सांगणे बंधनकारक आहे.

न्यायशास्त्राच्या भाषेत हा सव्यभिचार. ‘या संस्थेत गेला’ ही गोष्ट यशस्वी उमेदवाराच्या बाबतीत खरी आहे आणि यादीत न आलेल्यांच्याही. जाहिरातीत फक्त पहिला गट दिसतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये हेत्वाभास हा शब्द नाही. पण महत्त्वाची माहिती जाणीवपूर्वक दडवणे हा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा एक प्रकार म्हणून त्यात स्पष्टपणे नमूद आहे. अशा जाहिरातीबद्दल राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

शेअर बाजारातील ‘स्क्रीनशॉट’वर विश्वास ठेवावा का?

हाच दोष पैशाच्या बाबतीत अधिक महागात पडतो. फ्युचर्स आणि ऑप्शन्स, म्हणजे एफ अँड ओ व्यवहारांतील नफ्याचे स्क्रीनशॉट टेलिग्राम आणि इन्स्टाग्रामवर रोज दिसतात. त्यातले काही बनावट असतात, पण सगळे नाही. खरी अडचण खऱ्या स्क्रीनशॉटमध्ये आहे.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के जणांना तोटा झाला. तोट्याची सरासरी, व्यवहार खर्च धरून, माणशी सुमारे दोन लाख रुपये होती. तीन वर्षांतील एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक. खर्च वजा जाता एक लाखापेक्षा जास्त नफा मिळवणारे होते केवळ एक टक्का. २०२४-२५ या वर्षातही सुमारे ९१ टक्के जण तोट्यातच राहिले.

आता उलट बाजूने हिशेब करू. एक कोटीचा एक टक्का म्हणजे एक लाख. म्हणजे एक लाख माणसे पूर्णपणे खरे, लाखाहून अधिक नफ्याचे स्क्रीनशॉट टाकू शकतात. तुमच्या मोबाइलवर आयुष्यभर पुरतील एवढे हे पुरावे आहेत. पण ९३ लाख तोट्यातले स्क्रीनशॉट कोणी टाकत नाही. तोटा झालेला माणूस तो घरीही सांगत नाही. ‘याने ही पद्धत वापरली आणि कमावले’ हे कारण तेव्हाच कारण ठरेल, जेव्हा तीच पद्धत वापरून बुडालेले किती, हेही कळेल.

‘लस घेतलेलेच जास्त आजारी’ हा दावा कुठे चुकतो?

जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील प्रॉव्हिन्सटाऊन या पर्यटनस्थळी गर्दीनंतर करोनाचा उद्रेक झाला. तेथील आरोग्य संस्था सीडीसीच्या अहवालानुसार राज्यातील ४६९ बाधितांपैकी ३४६ जणांनी, म्हणजे ७४ टक्के जणांनी, लशीच्या सर्व मात्रा घेतलेल्या होत्या. ‘लस निरुपयोगी’ असे म्हणत हा आकडा जगभर फिरला. आकडा खराच होता. मात्र या माहितीवरून लशीच्या परिणामकारकतेबद्दल निष्कर्ष काढता येणार नाही, असे त्याच अहवालात स्पष्ट म्हटले होते.

कारण समजण्यासाठी हजार वस्तीचे एक गाव कल्पून पाहा. ९०० जणांनी लस घेतली, १०० जणांनी नाही. साथ आली. लस घेतलेल्यांपैकी १० टक्के, म्हणजे ९० आजारी पडले. न घेतलेल्यांपैकी ३० टक्के, म्हणजे ३० आजारी पडले. एकूण १२० रुग्णांपैकी ९० जण लस घेतलेले, म्हणजे ७५ टक्के! तरीही लस न घेतलेल्याला धोका तिप्पट आहे. गावात लस घेतलेलेच बहुसंख्य असतील तर रुग्णांतही ते बहुसंख्य दिसणार. मॅसॅच्युसेट्समध्ये तेव्हा पात्र नागरिकांपैकी ६९ टक्क्यांचे लसीकरण पूर्ण झालेले होते. ‘रुग्णांपैकी किती जणांनी लस घेतली’ आणि ‘लस घेतलेल्यांपैकी किती जण रुग्ण झाले’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वाक्य उलटले की अर्थ उलटतो, आणि बहुतेक फॉरवर्डमध्ये नेमके हेच झालेले असते.

न्यायालयात असा दोष शिरला तर?

याचे सर्वात वेदनादायी उदाहरण ब्रिटनमधील सॅली क्लार्क यांचे आहे. पेशाने सॉलिसिटर असलेल्या सॅली यांची दोन तान्ही बाळे, पहिले १९९६ मध्ये आणि दुसरे १९९८ मध्ये, अचानक दगावली. दोन्ही बाळांच्या खुनाचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. खटल्यात साक्ष देताना बालरोगतज्ज्ञ सर रॉय मेडो यांनी सांगितले की, अशा सुस्थित कुटुंबात एका बाळाचा असा नैसर्गिक आकस्मिक मृत्यू होण्याची शक्यता ८ हजार ५४३ मध्ये एक, म्हणून दोन बाळांची शक्यता सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक. नोव्हेंबर १९९९ मध्ये सॅली दोषी ठरल्या आणि त्यांना जन्मठेप झाली.

यात दोन चुका होत्या. पहिली, ८ हजार ५४३ ला ८ हजार ५४३ ने गुणणे. नाणे दोनदा उडवले तर दोन्ही निकाल एकमेकांपासून स्वतंत्र असतात, म्हणून गुणाकार चालतो. एकाच घरातील दोन भावंडांचे मृत्यू स्वतंत्र कसे मानायचे? जनुके तीच, घर तेच. म्हणजे कारणाचा पायाच असिद्ध होता. दुसरी चूक अधिक खोल होती. ‘निर्दोष असेल तर असे घडण्याची शक्यता अत्यल्प’ याचा अर्थ ‘निर्दोष असण्याची शक्यता अत्यल्प’ असा होत नाही. कारण आईने आपल्या दोन बाळांचा खून करणे हीदेखील तितकीच विरळ घटना आहे. दोन विरळ शक्यतांची तुलना करायला हवी होती; सुनावले गेले फक्त एकीबद्दल.

ब्रिटनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने ऑक्टोबर २००१ मध्ये जाहीर निवेदन काढून या आकड्याला कोणताही सांख्यिकी आधार नसल्याचे सांगितले. बचाव पक्षापासून दडवला गेलेला एक वैद्यकीय चाचणी अहवालही पुढे उजेडात आला. तो अहवाल हा मुख्य आधार ठरून जानेवारी २००३ मध्ये दुसऱ्या अपिलात शिक्षा रद्द झाली. या आकड्याच्या वापरावरही अपील न्यायालयाने ताशेरे ओढले. तोवर तीन वर्षांहून अधिक काळ सॅली तुरुंगात होत्या. त्या या धक्क्यातून सावरल्या नाहीत. मार्च २००७ मध्ये वयाच्या ४२व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला.

‘तेव्हा कुठे होता?’ हा हेत्वाभास आहे का?

टीव्हीवरील चर्चेत एका पक्षाच्या प्रवक्त्याला प्रश्न विचारला की उत्तर येते : ‘तुमच्या काळात काय झाले ते आधी सांगा.’ इंग्रजीत याला ‘व्हॉटअबाउटरी’ म्हणतात. हा शब्द १९७० च्या दशकात उत्तर आयर्लंडमधील हिंसाचाराच्या काळात रूढ झाला. तिथे एका बाजूच्या हत्येचा निषेध केला की दुसऱ्या बाजूच्या हत्येची आठवण करून दिली जात असे.

न्यायशास्त्रात हा काटेकोर अर्थाने हेत्वाभास नाही. त्यासाठी वेगळी संज्ञा आहे : मतानुज्ञा. आपल्यावर ठेवलेला दोष न खोडता तोच दोष समोरच्यावर ठेवणे म्हणजे आपला दोष मान्य करणे, असा तिचा अर्थ. आणि मतानुज्ञा हे निग्रहस्थान आहे, म्हणजे असे करणारा वादात हरला असे धरले जाते. आपल्याकडे मात्र यावरच टाळ्या पडतात.

चर्चेचे तीन प्रकारही त्यात सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःची कोणतीही बाजू न मांडता केवळ दुसऱ्याची खोडण्यासाठी होते ती वितंडा. ‘वितंडवाद घालू नको’ असे घरात ऐकवले जाते, त्यातला शब्द हाच. आज आपण ‘वाद’ या शब्दाचा अर्थ भांडण असा करतो. मूळ शास्त्रात तो सर्वात चांगल्या चर्चेसाठी वापरलेला शब्द होता.

हा शब्द कुठे वापरू नये?

हेत्वाभास हा शब्द कळला की तो प्रत्येक वादात फेकून मारण्याचा मोह होतो. तीन ठिकाणी सावध राहायला हवे.

पहिले, मत पटले नाही म्हणून त्याला हेत्वाभास म्हणू नये. कारण आणि निष्कर्ष यांची जोडणी नेमकी कुठे तुटते ते दाखवता आले पाहिजे. दुसरे, साध्या खोट्या माहितीला हेत्वाभास म्हणून तिची तीव्रता कमी करू नये. बनावट व्हिडीओ हा बनावट व्हिडीओच. तिसरे आणि सर्वात महत्त्वाचे, युक्तिवादात हेत्वाभास सापडला म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही. ‘रस्ता ओला आहे म्हणून पाऊस पडला’ हा तर्क कच्चा आहे, पण रात्री खरोखर पाऊस पडलाही असेल. एखादा क्लास खरोखर चांगला असू शकतो. त्याची जाहिरात तेवढे सिद्ध करत नाही, इतकेच. तर्क कच्चा ठरला की प्रश्न पुन्हा खुला होतो. उलट बाजू आपोआप जिंकत नाही.

वाक्यात वापर असा करता येईल : ‘तीन यशस्वी उदाहरणांवरून योजना यशस्वी ठरवणे हा हेत्वाभास आहे.’ किंवा ‘त्यांच्या भाषणातील आकडे बरोबर होते, पण युक्तिवाद हेत्वाभासी होता.’ मात्र ‘त्याचा हेत्वाभास उघड झाला’ असे ‘छुपा उद्देश’ या अर्थाने म्हणणे चूक.

मेसेज आल्यावर काय तपासाल?

न्यायशास्त्र शिकण्याची गरज नाही. पुढचे पाच प्रश्न बऱ्याच वेळा पुरतात.

१. दिलेली माहिती खरी आहे का? (नसेल तर विषय इथेच संपतो.)
२. हीच गोष्ट ज्यांच्या बाबतीत उलटी घडली, ते लोक या मेसेजमध्ये कुठे आहेत? नापास झालेले, तोट्यात गेलेले, बरे न झालेले?
३. हा आकडा ‘कशापैकी’ आहे? ११० यशस्वी, पण कितीपैकी? ७४ टक्के, पण कोणाच्या?
४. याच माहितीवरून उलट निष्कर्षही तितक्याच सहज काढता येतो का?
५. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले आहे, की दुसराच प्रश्न पुढे केला आहे?

जाहिरात, ट्रेडिंगचा सल्ला किंवा आरोग्याचा मेसेज असेल तर दुसरा आणि तिसरा प्रश्न कधीही सोडू नका. क्लासची फी भरण्याआधी संस्थेला थेट विचारा : यातल्या किती जणांनी पूर्ण अभ्यासक्रम पैसे भरून केला आणि त्यांच्या तुकडीत एकूण विद्यार्थी किती होते? उत्तर लेखी मागा. नव्या सूचनांनुसार कोणी काय अभ्यासक्रम केला हे सांगणे संस्थेवर बंधनकारक आहे. तुकडीची एकूण संख्या कोणी सांगितली नाही, तर फोटो कितीही असोत, ते कारण नव्हे, कारणाचा आभास आहे असे समजायला हरकत नाही.